काळ्या शेपटीचे मासे

आक्का, तुझी मिशेरीची डबी मी बेळगावात, वडगावच्या घरी घेऊन आले आहे. तुझा बाळू द्यायला तयार नव्हता. "आईची एवढीच खूण हाय मावशी," म्हणाला. तरी आणली. आता ती माझ्या टेबलावर, तपासायच्या वह्यांशेजारी आहे आणि भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचा माग खटखटतो आहे. तुला हा आवाज कधी सोसला नाही. "तुझ्या घरात दोन शब्द बोलायचं म्हटलं तर वरडाय लागतंय," म्हणायचीस आणि दुसऱ्याच दिवशी निपाणीची गाडी धरायचीस. आता मला तुझ्याशी बोलायचं आहे, तर ओरडूनही उपयोग नाही.

भेटायला येणारे म्हणतात, आक्का सुटली. सुटलीस कसली? मला तर अंगाचा तिळपापड होतो. तीन वर्षं आपण एकाच गोष्टीवरून भांडत होतो आणि ते भांडण अर्ध्यावर टाकून तू निघून गेलीस. नदीतले ते मासे खाऊ नको, खायचेच तर निदान डोकी आणि काटे तरी टाक, एवढंच माझं म्हणणं होतं. तू म्हणायचीस, "हे शाळेत पोरांस्नी शिकीव जा." मी म्हणायचे, तू मरशील. तू म्हणायचीस, "तू काय ऱ्हानार हाईस व्हय मागं?" राहिले बघ मागं. भांडायला समोर कुणी नाही आणि माझी सगळी उत्तरं तशीच पडून आहेत.

आई गेली तेव्हा तू पंधराची होतीस आणि मी पाचाची. आपलं गाव निपाणी आणि बोरगावच्या मधे, नदीच्या काठाला. तू गावातल्या बायकांबरोबर निपाणीच्या वखारीत तंबाखू चाळायला जायला लागलीस आणि मला शाळेत घातलंस. संध्याकाळी परत यायचीस तेव्हा तुझ्या केसांना, लुगड्याला, घामालासुद्धा तंबाखूचा वास असायचा. मला तो आवडायचा, कारण तो वास आला की जेवण मिळणार हे ठरलेलं. येतायेता तू बुट्टी घेऊन नदीत उतरायचीस. कासोटा मारून मांडीभर पाण्यात वाकायचीस आणि लव्हाळ्याच्या मुळाशी बुट्टी घालून वर ओढायचीस. पाणी निथळलं की खाली झिंगे, बारीक मासे तडफडत असायचे. मी काठावर उभी राहून अंधार पडायच्या आत घरी चल म्हणून रडायची आणि तू मला एकेक मासा दाखवून हसवायचीस.

तुझं ते मडकं अजून चुलीच्या कोपऱ्यात आहे. बारीक मासे त्यात थरावर थर रचायचे, वर चिंचेचा कोळ, तिखट, मीठ, आणि मग निखाऱ्यावर ठेवून विसरून जायचं. चिंचेच्या आंबटानं काटा इतका मऊ व्हायचा की जिभेनं चुरडावा. डोक्यासकट, काट्यासकट, शेपटीसकट. आपल्या घरात माशातलं काही टाकायचं नसतं हे तू मला अक्षरं यायच्या आधी शिकवलंस. मोठा मासा मिळाला तर त्याचं डोकं माझं. "डोकं खाल्लं की डोकं चालतंय," म्हणायचीस, आणि स्वतः शेपटी घ्यायचीस. आक्का, मी बी.एस्सी. झाले ती त्या डोक्यांवर झाले असं तू साऱ्या गल्लीला सांगायचीस. तेव्हा मी लाजायची. आज सांगते, ते खरंच होतं. त्या वखारीतल्या धुळीवर आणि त्या मडक्यावर मी वाढले, आणि हे तुला तोंडावर कधी म्हटलं नाही. आपल्यात तशी पद्धतच नाही. आपण एकमेकींना जेव म्हणतो, बस म्हणतो, आणि त्यातच सगळं आलं असं धरून चालतो.

तेव्हाची नदी वेगळी होती. उगाच जुनं ते सोनं म्हणून म्हणत नाही. मरळ धरायची तर बाळूचे वडील, आपले दाजी, अर्धा दिवस डोहाच्या काठाला दबा धरून बसायचे आणि तरी हात हलवत परत यायचे. त्या माशाला अक्कल होती. पुढे दाजी गेले, बाळू मोठा झाला, मी बेळगावला मास्तरीण झाले, आणि सत्तर साल उलटून बरीच वर्षं झाल्यावर, वरच्या ओढ्याच्या काठाला ती भट्टी आली.

हद्दीच्या दगडापलीकडे, म्हणजे महाराष्ट्रात. पत्र्याची शेड, धुराचं नळकांडं, आणि अंगणात ट्रकच्या जुन्या बॅटऱ्यांचा डोंगर. बायका हातोड्यानं बॅटऱ्या फोडायच्या, आतल्या प्लेटा भट्टीत जायच्या, शिसं वितळून बाहेर पडायचं. उरलेला करडा गाळ आणि बॅटरीतलं पाणी ओढ्यात. ओढा खाली येऊन आपल्या डोहाला मिळतो. हे मी स्वतः जाऊन पाहिलं. पाहिलं ते फार उशिरा. पहिली काही वर्षं तिथं भट्टी आहे एवढंच गावाला ठाऊक होतं, आणि गावातल्या चारपाच जणांना काम मिळालं म्हणून बरंच वाटलं होतं.

आणि मग मासे सोपे झाले.

तू मला ते किती आनंदानं सांगितलं होतंस! दिवाळीला आले होते मी. "लई बदललं बघ," म्हणालीस, "मासं आता हाताला लागत्यात. पळतच न्हाईत. परवा सुमीनं हातानं धरला गं एक, एवढीशी पोर ती!" बाळूची सुमी तेव्हा चारेक वर्षांची, बापाचं ऐकून मलाही मावशीच म्हणणारी. तू मला बुट्टी दाखवलीस. मासे संथ पडून होते. दोनतीनांच्या पाठी वाकड्या आणि बऱ्याच जणांच्या शेपट्या काळ्या, बुडाला काजळ लावल्यागत. गावानं त्यांना नावसुद्धा ठेवलं होतं, काळशेपटी. नवी जात आली म्हणायचे. म्हसोबानं धाडली म्हणायचे. पूर्वी आठवड्यातून दोनदा मासे व्हायचे ते रोज व्हायला लागले. ज्या माशाला पळता येत नाही तो आजारी आहे, हे कुणाच्या मनात आलं नाही. कसं यावं? आपल्यासारख्यांच्या दारात फुकटचं काही इतक्या सहज कधी आलं होतं?

त्या दिवाळीला मीही खाल्ले, तुझ्या हातचे, चिंचेतले. चव तीच होती.

तुझं पोट दुखायला लागलं ते त्यानंतर. कळ यायची तेव्हा तू गुडघे पोटाशी घेऊन जमिनीवर आडवी व्हायचीस आणि पदर तोंडात कोंबायचीस, सुमी भिऊ नये म्हणून. मग चेहरा पिठासारखा पांढरा पडला. बाळूनं निपाणीला दाखवलं. डॉक्टरांनी विचारलं, "काम काय करता?" वखारीत. "किती वर्षं?" जन्म गेला त्यात. "मिशेरी लावता?" व्हय. झालं. आजार सापडला. तंबाखू सोडा, लोहाच्या गोळ्या घ्या.

डॉक्टर वाईट नव्हते गं. पण निपाणीत दवाखाना घालून बसलेल्या माणसाला दिवसभर दिसतं काय? खोकला आला, तंबाखू. भोवळ आली, तंबाखू. ओकारी झाली, हात थरथरला, भूक मेली, सगळं तंबाखूच. आणि ते पुष्कळदा खरंही असतं, हीच तर फसगत आहे. आपल्या मुलखात मरायला आधीपासूनच एक कारण तयार आहे, त्यामुळे दुसरं कारण शोधायला कुणी जात नाही.

मग तुझा उजवा हात. तू वखार सोडून घरी विड्या वळत होतीस, आणि एक दिवस पान सुपात पडलं ते पडलंच. मनगट खाली लोंबायला लागलं. उचलू म्हटलं तर उचलायचं नाही. तू हसत म्हणालीस, "हात रुसलाय." मला हसू आलं नाही. बेळगावला परत आले ती कॉलेजच्या लायब्ररीत जाऊन बसले. ओळखीच्या प्राध्यापकांनी एक जाडजूड पुस्तक काढून दिलं आणि त्यात तू होतीस, आक्का. पोटातल्या कळा, पांढरा चेहरा, लुळं मनगट, सगळी तू. वर मथळा शिशाचा. शिसं पाण्यातून माशात जातं आणि तिथं साठतं, विशेष करून हाडांत, डोक्यात, आतड्या-काळजात. खाणाऱ्याच्याही हाडांत जाऊन बसतं आणि तिथून निघायचं नाव घेत नाही. आणखी एक खूण दिली होती. हिरडीच्या कडेला, दातांना लागून, निळसर काळी रेघ उमटते.

मी त्याच आठवड्यात रजा टाकून निपाणीला आले. तुला आणि बाळूला घेऊन दवाखान्यात गेले, डॉक्टरांना म्हटलं, हिरड्या बघा. त्यांनी बिचाऱ्यांनी बॅटरी घेतली, तुझा ओठ वर केला, उजेड मारला आणि माझ्याकडे बघितलं. तुझ्या हिरड्या काळ्याच होत्या. दातांना घासलेल्या तंबाखूच्या मिशेरीनं. बाहेर बाकावर बसलेल्या बायकांपैकी कुणाच्याही पाहिल्या असत्या तरी काळ्याच निघाल्या असत्या. "बाई," डॉक्टर म्हणाले, "अशी रेघ मी निपाणीत कुणाच्या तोंडात शोधू?" तू बॅटरीच्या उजेडात तोंड उघडं ठेवून माझ्याकडे डोळे फिरवलेस, तसंच, ओठ वर धरलेला, आणि तुझे डोळे हसत होते.

त्या दिवशी घरी आल्यावर आपण पहिल्यांदा कडाकडा भांडलो. मी म्हटलं, तंबाखू नाही, मासे आहेत. तू म्हणालीस, मासं न्हाय, तंबाखू हाय. म्हटलं, बरं, डोकी टाक, काटे टाक, नुसतं मांस खा. तू मडकं माझ्यासमोर आदळलंस.

"ह्यातलं डोकं टाकलं, काटा टाकला, तर ऱ्हातंय काय? पानी? आन बाजारातली डाळ काय तुझी शाळा धाडनार हाय आमास्नी?"

मी म्हटलं, मी धाडते डाळ. धाडली. ती तू आलेल्या-गेलेल्याला वाढलीस आणि स्वतः मासेच खाल्लेस.

मग मी हट्टाला पेटले. बाळूला बरोबर घेऊन ओढ्यावर गेले, भट्टी पाहिली, खालचा गाळ बाटलीत भरून घेतला, डोहातले मासे घेतले आणि तुलाही बेळगावला आणलं. रविवारी शाळेची प्रयोगशाळा उघडून तुला स्टुलावर बसवलं. शिशाचं पाणी असेल तर त्यात एक औषध घातल्यावर हळदीसारखा पिवळा साका बसतो, हे मी पोरांना दरवर्षी करून दाखवते. ओढ्याच्या गाळाचं पाणी आधी केलं. थेंब टाकला आणि नळी पिवळीजर्द झाली. तू पुढं वाकून बघितलंस. "आगंबया," म्हणालीस. मला वाटलं जिंकले. मग माशाची राख करून, ती विरघळवून, तोच थेंब टाकला. काही नाही. पुन्हा टाकला. पाणी पाण्यासारखंच.

मी तुला समजवायला लागले की या परीक्षेला शिसं पुष्कळ असावं लागतं. माशात असतं ते फार थोडं, पण रोजच्या रोज पोटात जाऊन माणसात साठत राहतं, आणि तेवढं थोडं पकडायला मोठी यंत्रं लागतात, ती शाळेत नसतात. तू सगळं शांतपणे ऐकून घेतलंस.

"म्हंजे दिसत न्हाय, पर हाय," तू म्हणालीस. "मग आमच्या म्हसोबात आन तुझ्या शिशात काय फरक गं?"

इतकी हसलीस तू, की स्टूल हलायला लागलं. मला रडू येत होतं आणि तुझं हसणं थांबेना. अजून रविवारी प्रयोगशाळेच्या दारावरून गेले की ते हसणं मला ऐकू येतं, आणि खरं सांगते, त्या हसण्यासाठी मी आणखी दहा वेळा हरायला तयार होते.

मोठी यंत्रं कुठं आहेत ते शोधत मी फिरले. ते सगळं तुला सांगितलं नव्हतं, कारण तू पुन्हा हसली असतीस. आपल्या, कर्नाटकाच्या बाजूच्या सरकारी ऑफिसात मी मराठीत बोलले तर साहेबांनी कानडीत ऐकलं. मग मी मोडकंतोडकं कानडी बोलले. ते म्हणाले, भट्टी महाराष्ट्रात आहे, आम्ही काय करणार, आणि प्रत्येक खेपेला "नाळे बर्री." उद्या या. त्यांचा उद्या उजाडलाच नाही. म्हणून पलीकडच्या ऑफिसात गेले. तिथं चहा मिळाला. आपुलकीनं विचारपूस झाली, सीमाभागातल्या मराठी माणसाचे हाल किती, म्हणून चुकचुकले. मग म्हणाले, आजारी माणूस कर्नाटकातला, मासा कर्नाटकातला, तक्रार तिकडून यायला पाहिजे. मी विचारलं, मासा हद्दीच्या दगडापाशी थांबतो का? ते हसले आणि मलाच म्हणाले, बाई, तुम्ही छान बोलता.

आणि गाव! गावात बातमी फुटली तेव्हा लोक माझ्यावरच उलटले. आपल्याच माणसांच्या विरोधात कानडी साहेबाकडं गेली म्हणे मास्तरीण. ज्या गावानं "महाराष्ट्रात जायचंय" म्हणून मोर्चे काढले, लाठ्या खाल्ल्या, त्या गावाला वरून येणारं पाणी वाईट आहे हे ऐकायचंच नव्हतं. तूसुद्धा गेली होतीस मोर्चाला, वखारीतला दिवस बुडवून. तू मला दारातच अडवलंस. "पल्याडची माणसं आपली हायती," म्हणालीस. "आपली माणसं आपल्या पान्यात इख कशाला घालतील?" त्यावर माझ्याकडे उत्तर होतं. भट्टीवाल्याला तू आपली की परकी हे ठाऊकच नाही, त्याला फक्त उतार ठाऊक आहे. पण तू थकलेली दिसत होतीस, म्हणून बोलले नाही. ते आज बोलते आहे.

आता ते एक सांग, जे मी रोज विचारते आहे.

तू जायच्या महिनाभर आधी मी आले होते. तुझे पाय सुजले होते, डॉक्टर आता मूत्रपिंडं गेली म्हणत होते, आणि त्याचंही कारण तंबाखूच. बाळूनं मोठी मरळ आणली होती, डोहातलीच. पूर्वी जिच्यासाठी दाजी अर्धा दिवस बसायचे ती बाळूनं उपरण्यात गुंडाळून आणली. तुझ्या सुनेनं रांधली आणि रीतीप्रमाणे डोकं सुमीच्या ताटात वाढलं. सुमी आता शाळेत जाते ना, डोकं चालायला पाहिजे. पोर त्याला हात घालणार, एवढ्यात तू तो लोंबता हात पुढं केलास. उचलता येत नव्हता तर सरकवत नेलास आणि सुमीच्या ताटातलं डोकं ढकलत ढकलत आपल्या ताटात घेतलंस. रस्सा जमिनीवर सांडला. सुमी रडायला लागली. "आज आज्जीला खाऊ दे," तू म्हणालीस. उभ्या आयुष्यात तू डोकं स्वतःच्या ताटात घेतलेलं मी पाहिलं नव्हतं. मी तुझ्याकडे बघत राहिले. तू बघितलं नाहीस. मान खाली घालून डाव्या हातानं ते सगळं खाल्लंस, हळूहळू, काही न टाकता.

ते का केलंस, आक्का? मरताना जिभेला डोहाळे लागले म्हणून? की माझं म्हणणं तुला पटलं होतं, आणि धाकटीपुढं हार मानायची नव्हती म्हणून बोलली नाहीस? पटलं होतं तर तू ते उकिरड्यावर का टाकलं नाहीस? की अन्न टाकणं तुझ्या हातून मरतानाही होणार नव्हतं? मी विचारणार होते. पुढच्या रविवारी विचारू म्हटलं. मग परीक्षा आल्या, आणि मग शाळेत निरोप आला.

काल तुझ्या दुखवट्याचं तिखट जेवण होतं. आपल्याकडची रीत तुला माहीत आहे, गेलेल्याच्या आवडीचं त्या दिवशी पानात पडावं लागतं. बाळूनं पहाटे डोहावर जाऊन पाटीभर मासे आणले. तुझंच मडकं, चिंच, तिखट. घरभर तुझा वास सुटला. मी बाळूला म्हटलं, नको रे. तो म्हणाला, "मावशी, आज तरी गप बस. आईच्या नावाचं हाय." भावकी जेवायला बसली. एक मोठा मासा होता, त्याचं डोकं बाळूनं स्वतः उचलून सुमीच्या ताटात ठेवलं. "आज्जीचा मान हाय बघ तुला," म्हणाला.

मी उठले. सगळ्यांसमोर सुमीच्या ताटातलं डोकं उचललं आणि मागल्या दारानं उकिरड्यावर फेकलं. कुत्रं धावलं, त्यालाही दगड मारून हाकललं. मग आत येऊन मडकं उचललं आणि तेही उकिरड्यावर पालथं केलं. तुझं मडकं, आक्का. अन्न. मेलेल्याच्या नावाचं अन्न. भावकीतली म्हातारी माणसं हात धुऊन पानावरून उठली. कुणी म्हणालं, शिकून वाया गेली. तुझी सून कपाळाला हात लावून बसली. मला लाज वाटली नाही. मला फक्त इतकंच कळत होतं, की आज सुमीच्या ताटाकडे हात सरकवायला तू नाहीस.

सुमी रडत मागं आली. हात रश्शानं भरलेले, तोंडही भरलेलं. एकदोन मासे तिनं आधीच खाल्ले होते. मी तिला दगडावर उभं केलं, तांब्या घेतला, म्हटलं, चूळ भर बाळा, खळखळून भर. टळटळीत ऊन होतं. तिनं चूळ टाकली आणि दात धुवायला मी तिचा ओठ बोटानं वर केला.

रेघ होती.

पेन्सिलीनं ओढावी तशी, निळसर काळी, दातांच्या मुळांशी, या टोकापासून त्या टोकापर्यंत. गुलाबी हिरडीवर स्वच्छ दिसत होती. तुझ्या तोंडात तीन वर्षं जी कुणाला शोधता आली नाही, ती इथं भर उन्हात समोर होती. मी बोटानं घासली. पुन्हा घासली. सुमी म्हणाली, मावशी दुखतंय.

बाळू माझ्याशी भांडायला म्हणून मागल्या दारी आला होता. मी त्याला हाक मारली नाही, नुसता सुमीचा ओठ वर धरून ठेवला. तो वाकला. त्यानं त्या दवाखान्यात डॉक्टरांना बॅटरी मारताना पाहिलं होतं, माझं सगळं बडबडणं ऐकलं होतं, त्याला कळलं. पण माणूस आहे तो, बाप आहे. कसंनुसं हसला आणि म्हणाला, "मिशेरी लावली असंल गं तिनं. आईची घिऊन. पोरं करत्यात तसं. लावलीस न्हवं गं सुमे? सांग, मी मारत न्हाय."

आक्का, तो पोरीच्या पाया पडल्यासारखा विचारत होता. लावली म्हण गं. एकदा तरी लावली म्हण.

"न्हाय बा," सुमी म्हणाली. "आज्जी डबीला हात लावू द्यायची न्हाय. हात लावलास तर हात तोडीन म्हणायची. तंबाखू लई वंगाळ असती म्हणायची."

हे तुझंच बोलणं होतं. वखारीत जन्म काढलास, पण त्या पोरीला तंबाखूचा वारासुद्धा लागू दिला नाहीस. डबी आढ्याला, तिचा हात पोचणार नाही अशी ठेवायचीस. आणि मडकं चुलीपाशी, हाताशी.

आज सुमी इथं माझ्याकडे आहे. बाळूही आहे, बाहेरच्या कट्ट्यावर बसून आहे. उद्या सकाळी सुमीला बेळगावच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन जाणार आहे. तिथंही पहिला प्रश्न गाव कुठलं हाच असणार, निपाणी म्हटलं की पुढचा तंबाखूचा असणार, म्हणून तुझी ही डबी आणली. ती टेबलावर ठेवीन आणि सांगीन की ही माझ्या बहिणीची, आणि ही माझ्या बहिणीची नात, हिनं या डबीला कधी हात लावलेला नाही. मग सुमीचा ओठ वर करीन. पुढं काय होईल मला माहीत नाही. हाडात बसलेलं निघतं का, किती निघतं, पोरीचं डोकं पुढं चालेल का, त्या पुस्तकात लहान मुलांविषयी जे लिहिलंय ते मला दुसऱ्यांदा वाचता आलं नाही. आणि गावात आज संध्याकाळीसुद्धा घरोघर चुलीवर तेच मासे असतील.

तीन वर्षं मी पुरावा शोधत होते, आक्का. मिळाला. आपल्या सुमीच्या तोंडात मिळाला. हा मला नको होता गं. त्यापेक्षा तू हसत राहायला हवी होतीस त्या स्टुलावर बसून, आणि मी खोटी ठरायला हवी होते.

सुमी आत्ता विचारून गेली, मावशी जेवायला काय हाय. डाळ लावली आहे म्हटलं. तिनं तोंड वाकडं केलं, थेट तुझ्यासारखं.